अण्णांचा तंबोरा आणि चौसष्ट हजारांचा डबा

मुलांनो, तुमच्या घरात डॅक किती आहेत, सांगा बरं! डाक नव्हे, डॅक. तुम्ही म्हणाल, "सर, असलं काही आमच्या घरात नाही." आहे हो! आईच्या मोबाइलमध्ये एक आहे, टीव्हीत एक आहे, मामाच्या गाडीत गाणी वाजतात तिथंही एक आहे. 'डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर' असं त्याचं लांबलचक नाव. काम मात्र एका ओळीत सांगता येतं. आकडे आत घ्यायचे आणि त्यांची विजेची लाट करून बाहेर सोडायची. ती लाट स्पीकरला मिळाली की स्पीकरचा पडदा हलतो, मग हवा हलते, मग तुमच्या कानाचा पडदा हलतो आणि गाणं सुरू होतं.

मोबाइलमधला डॅक नखापेक्षाही लहान असतो. पण नुसता डॅकच एका वेगळ्या डब्यात घालून विकतात, आणि इंग्लंडच्या कॉर्ड, डीसीएस अशा कंपन्यांच्या डब्यांची किंमत लाखांत जाते! त्याला 'हाय-एंड' म्हणतात. काम तेच, आकड्यांची लाट करायची. मग हजार-दोन हजारांच्या आणि लाखाच्या डब्यात फरक काय? आणि तो ऐकू येतो का? हा प्रश्न आमच्या घरात आला तो माझ्या वडिलांमुळे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

मी बिलोलीला प्राथमिक शाळेत शिकवतो. बिलोली नांदेड जिल्ह्यात अगदी टोकाला आहे. येसगीचा मांजरेवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं. त्यामुळं आमच्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा निजामाबाद आणि हैदराबाद जवळचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी, आणि भांडताना दोन्ही! अण्णा तलाठी होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. त्यांना दोनच नाद. एक, गुरुवारच्या भजनात तंबोरा धरून बसणं. दुसरा, शास्त्रीय संगीताच्या सीडी जमवणं. एकशे बासष्ट सीडी आहेत त्यांच्याकडे. पगार बेताचा असताना साडेतीनशे-चारशेची एकेक सीडी त्यांनी कशी घेतली, हे आमच्या आईलाच ठाऊक. नांदेडचे पं. नाथराव नेरळकर त्यांनी समोर बसून ऐकलेले. पं. भीमसेन जोशी मात्र सीडीवरच भेटले.

तर झालं काय, की अण्णांचा १९९८ साली घेतलेला सीडी प्लेअर एका बाजूनं मुका झाला. डाव्या स्पीकरमधून नुसती खरखर. निजामाबादच्या मिस्त्रीनं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "चकती वाचणारा भाग ठणठणीत आहे. आतला डॅक गेलाय. तो आता मिळत नाही. पण मागं हे बारीक भोक आहे ना, यातून आकडे उजेडाच्या रूपात बाहेर येतात. इथं बाहेरून डॅक जोडा. प्लेअर अजून दहा वर्षं चालेल."

म्हणजे डॅक घ्यायचा हे ठरलं. कोणता, ते राहिलं. आणि अण्णांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, की बँकेतली ठेव मोडून हाय-एंड डॅक घ्यायचा. "का?" तर म्हणाले, "अलीकडं तंबोराच नीट ऐकू येईना रे सीडीतला. गाणं येतं, पण तंबोऱ्याची ती जवारी, ती झिणझिण गेली. आधी नव्हतं असं. यंत्र निकामी झालंय."

आमच्या पुण्याच्या मावसभावाकडे एक भारी डॅक होता. त्याला त्याहून भारी घ्यायचा होता म्हणून पहिला चौसष्ट हजारांना द्यायला तयार होता. ठेव होती सत्तर हजारांची.

आता पुढं जाण्याआधी आकड्यांची गंमत सांगतो, म्हणजे हे चौसष्ट हजार कशासाठी मागतात ते तुम्हाला कळेल. तुम्ही ठिपक्यांची रांगोळी पाहिली आहे ना? आधी ठिपके, मग ते जोडणारी रेष. सीडीवर आवाजाचे फक्त ठिपके असतात. गाण्याची लाट किती वर, किती खाली, याची एका सेकंदात ४४,१०० वेळा नोंद करतात. डाव्या कानासाठी वेगळी, उजव्यासाठी वेगळी. तीन मिनिटांच्या गाण्यात १ कोटी ५८ लाख ७६ हजार आकडे होतात. हिशेब करून पाहा!

हा ४४,१०० आकडा कुठून आला? सुरुवातीला हे आकडे साठवायला टीव्हीची व्हिडिओ टेप वापरत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्ध्या चौकटी, अर्ध्या चौकटीत कामाच्या २४५ रेषा, रेषेवर ३ आकडे. ६० × २४५ × ३. युरोपच्या पद्धतीत ५० × २९४ × ३. दोन्हीचा गुणाकार करा, एकच उत्तर येतं. आणि अजून एक. २१० चा वर्ग काढा. वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या तासाला टाळ्या रोज मिळत नाहीत, म्हणून सांगितलं.

कुणाला वाटतं, ठिपक्यांच्या मधला आवाज हरवतो, किंवा डॅकमधून आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी निघतो. तसं नाही. अमेरिकेच्या क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गणितानं दाखवून दिलं, की लाटेत जितकी जलद थरथर आहे तिच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद केली, तर मधली रेष नेमकी जशीच्या तशी परत काढता येते. अंदाजे नव्हे, जशीच्या तशी. लहान मुलांना सेकंदाला वीस हजार थरथरींपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याला २०,००० हर्ट्झ म्हणायचं. दुप्पट चाळीस हजार, म्हणून ४४,१०० पुरे. ठिपके जोडून गुळगुळीत रेष काढणं, हे डॅकचं आणि त्यातल्या गाळणीचं काम.

दुसरी गंमत वजनांची. किराणा दुकानातला तराजू घ्या. १, २, ४ आणि ८ ग्रॅमची चार वजनं असली, तर शून्यापासून १५ पर्यंत कोणतंही वजन करता येतं की नाही? करून पाहा. सीडीच्या प्रत्येक आकड्यात अशी सोळा वजनं असतात. म्हणजे शून्य धरून ६५,५३६ पायऱ्या. जुन्या पद्धतीचा डॅक असाच चाले. आकडा आला की हवी ती वजनं पारड्यात, बाकीची बाहेर. पण अडचण पाहा. सर्वांत लहान वजन एक ग्रॅम असेल, तर सर्वांत मोठं ३२ किलो ७६८ ग्रॅम! आणि ते मोठं वजन एका ग्रॅमनं जरी चुकलं, तरी लहान वजनाला अर्थ उरत नाही. अशी अचूक वजनं एका चिपमध्ये बसवणं फार अवघड होतं. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. सीडी ही सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेली. पण फिलिप्सजवळ तेव्हा चौदाच वजनांची चिप तयार होती. त्यांच्या इंजिनिअरांनी डोकं लढवलं आणि तीच चिप चौपट वेगानं चालवून उरलेल्या दोन वजनांची भरपाई केली.

पुढं हीच युक्ती वाढत गेली. आता बहुतेक डॅकमध्ये मोठी वजनं नसतातच. मोजकीच लहान वजनं सेकंदाला लाखो वेळा पारड्यात टाकायची, काढायची, आणि सरासरीनं हवं ते वजन साधायचं. भारी वजनं घडवायची कटकट गेली. म्हणून आजची काही रुपयांची चिप त्या काळच्या महागड्या प्लेअरपेक्षा अचूक असते. हे मला कळलं तेव्हा चौसष्ट हजार माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या पैशात आमच्या मागच्या खोलीचे पत्रे बदलून झाले असते. पण पैसे अण्णांचे होते आणि आयुष्यभराची हौसही अण्णांचीच. नुसतं पुस्तकातलं सांगून "घेऊ नका" म्हणणं मला पटेना. ऐकूनच ठरवायचं होतं.

हैदराबादला कोठीमध्ये गुजराती गल्ली आहे. वायरी, सुटे भाग, स्पीकर, जे मागाल ते. तिथून मी दोन डॅक आणले. एक अठराशे रुपयांचा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. दुसरा अकरा हजारांचा, आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर. दुकानदार आवाजाचं वर्णन करताना "मखमली", "हवेशीर" असे शब्द वापरत होता. आवाजाला हवेशीर म्हणणारा माणूस आधी पंखे विकत असावा, असं मला वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ त्याचा डबा घेऊन आला. काळाशार, पितळी बटणाचा, चांगला चार किलो वजनाचा. आधी अठराशेचा लावला. भीमसेनजींची एक सीडी, सुरुवातीला नुसता तंबोरा. मग चौसष्ट हजारांचा लावला. सगळे एकदम म्हणाले, "वा!" आई म्हणाली, "आता जवळ आल्यासारखं वाटायलंय." मलाही तसंच वाटलं.

पण मी मीटर घेऊन बसलो होतो. मीटर म्हणजे वायरमनकडे असतो तो, व्होल्ट मोजणारा. साधा मीटर ५० हर्ट्झच्या आसपास नीट मोजतो, म्हणून तेवढ्याच हर्ट्झची एकसुरी घूं वाजवली आणि स्पीकरच्या तारांवर मोजलं. ॲम्प्लिफायरचं बटण तसूभरही हलवलेलं नव्हतं. तरी महागड्या डब्याचे व्होल्ट स्वस्ताच्या जवळजवळ दुप्पट! म्हणजे तो फक्त मोठ्यानं बोलत होता. आपल्या कानाची ही जुनी खोड आहे. थोडं मोठं वाजलं की त्याला ते 'चांगलं' वाटतं. पालकहो, दुकानात दोन यंत्रं लावून दाखवतील तेव्हा एवढं एक विचारून घ्या.

मग पितळी बटण फिरवून दोघांचे व्होल्ट अगदी सारखे केले आणि खरी परीक्षा घ्यायची ठरवली. शाळा उघडल्यावर शनिवारी दुपारी, वर्गातच. भाऊ त्यासाठी मुद्दाम दोन दिवस राहिला. सीडी प्लेअरच्या उजेडाच्या वायरीला एकाचे दोन करणारा जोड लावला. एक वाट स्वस्ताकडे, दुसरी महागड्याकडे, आणि दोन्ही ॲम्प्लिफायरच्या वेगवेगळ्या खुंट्यांवर. मधे चादर टांगली. चादरीमागं आमचे दुसरे सर. त्यांनी दर वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर एक डबा, काटा आला तर दुसरा. ऐकणाऱ्यानं कागदावर लिहायचं. असं दहा वेळा. आधी दोन्ही डबे उघडपणे हवे तितके ऐकून घ्यायची मुभा.

नाणं कशाला, असं चौथीतल्या एकानं विचारलं. प्रश्न चांगला होता. माणूस स्वतःच्या मनानं "आता हा, आता तो" करायला लागला, की त्याची एक चाल पडते आणि ऐकणारा ती ओळखतो. नाण्याला चाल नसते. आणि दहाच वेळा का? तर ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याचेही अंदाजानं पाच बरोबर येतील. सहा-सात येणंही नशिबाचं असू शकतं. पण नुसत्या नशिबानं नऊ किंवा दहा बरोबर यायचे, तर १,०२४ मध्ये ११ वेळाच येतील. म्हणजे नऊच्या पुढं गेला तर त्याला खरंच ऐकू येतंय असं धरायचं.

मावसभावाचे सहा बरोबर आले. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मनानं दिलदार, कागद सगळ्यांना दाखवला. माझे पाच. अण्णांचे चार. मग मुलांनी हट्ट धरला, आम्हाला पण! पाच-सहा मुलांचे चार, पाच, सात असे आले. आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीचे नऊ!

सगळे चकित. मी विचारलं, "कशावरून ओळखलंस गं?" ती म्हणाली, "सर, गाणं दोन्हीत सारखंच आहे. पण गाणं सुरू व्हायच्या आधी एकात मच्छर गुणगुणायलाय." आम्ही स्पीकरला कान लावले. मावसभावाला अगदी जवळ गेल्यावर ऐकू आलं. मलाही, अगदी पुसट. अठराशेच्या डब्यातून एक बारीक, उंच किर्रर्र येत होती. त्याच्या विजेच्या पिनेतून ती आत शिरत असावी, कारण पिन बदलून मोबाइलची चांगली पिन लावल्यावर कमी झाली, पूर्ण गेली नाही. म्हणजे फरक होता! मखमलीही नव्हता आणि हवेशीरही नव्हता. शांततेत मच्छर होता, एवढाच.

मग अकरा हजारांचा आणि चौसष्ट हजारांचा, असा दुसरा सामना लावला. व्होल्ट सारखे करून, पुन्हा नाणं. त्या मुलीचे पाच आले. "आता मच्छर कशातच नाही," म्हणाली. मावसभावाचे चार आले. तो हसून म्हणाला, "नाणंच माझ्यापेक्षा हुशार निघालं."

आमचा हा प्रयोग म्हणजे काही मोठं संशोधन नव्हे. मोठे प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सीडीपेक्षा बारीक नोंदीचं संगीत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून काढून ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे नाणंच! पुढं २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी तसे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा शेकडा ५२.३ उत्तरं बरोबर निघाली. काहींना काही तरी कळत असेल, पण फार थोडं. आवाजात मोठा फरक पडतो तो स्पीकरमुळे आणि खोलीमुळे. आमच्या पत्र्याच्या खोलीत तर जाड सतरंजी अंथरल्यावरच निम्मं गाणं सुधारलं.

हे सगळं चाललेलं असताना अण्णा एका खुर्चीवर गप्प बसले होते. मग उठले, स्पीकरजवळ आले आणि अठराशेच्या डब्यावर कान लावून म्हणाले, "कुठंय मच्छर?" ती मुलगी म्हणाली, "हे काय अण्णा, यायलंय की!" अण्णांनी मान हलवली. "मला नाही येत."

माझ्या मोबाइलमध्ये एकसुरी आवाज काढायची सोय होती. मी तो ॲम्प्लिफायरला जोडला. आवाज बेताचाच ठेवला. एक हजार हर्ट्झ. सगळ्यांचे हात वर, अण्णांचाही. चार हजार. अण्णांचा हात थोड्या वेळानं वर आला. आठ हजार. पोरांनी हात वर केले, काहींनी तोंडं वेडीवाकडी केली, कारण तो आवाज कानाला टोचतो. अण्णा म्हणाले, "लाव ना."

मी म्हणालो, "लावलाय, अण्णा."

वर्ग एकदम शांत झाला. त्यांनी पोरांचे वर असलेले हात पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी आवाज बंद केला. पुढच्या आकड्यांवर जायचा माझा विचार होता, तो सोडून दिला. पण पोरं ती पोरं! "सर, अजून वर, अजून वर!" आणि अण्णाच म्हणाले, "लाव रे त्यांच्यासाठी. बघू पोरांना कुठवर येतंय." बारा हजार, पंधरा हजार. पंधराच्या पुढं माझाही हात खाली. पोरांचे सोळा हजारांनाही वर. अण्णा एकेका हर्ट्झला पोरांचे हात मोजत होते, जशी सातबाऱ्याची पानं मोजावीत तसे.

आता तंबोऱ्याचं सांगतो. तंबोऱ्याची तार छेडली की एकच सूर निघत नाही. त्या सुराच्या वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी उंच सूर एकावर एक चढत जातात. घोडी थोडी गोलसर घासलेली असते, त्यामुळं कंप पावणारी तार तिला चाटत राहते आणि हे उंच सूर उमलतात. तीच जवारी. मिरजेचे कारागीर हातानं घासून ती जुळवतात, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या याच घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला होता. कानातल्या आतल्या बाजूला बारीक केसांसारख्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. उंच सुरांच्या पेशी सर्वांत आधी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वयानं झिजतात आणि मोठ्या आवाजानंही. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतोय.

म्हणजे अण्णा तक्रार करत होते ती खरीच होती. तंबोरा गेला होता. फक्त तो सीडी प्लेअरमधून गेला नव्हता.

त्या रात्री अण्णांनी डॅकचं नाव काढलं नाही. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन यावं म्हणतो." तिथं एका बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर आलेख आला. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेष बरी, तिथून उताराला लागलेली. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं का? स, श, फ ही अक्षरं उंच सुरांची असतात." आई पटकन म्हणाली, "म्हणून बाजारातून आठ रुपयांची कोथिंबीर आणा म्हटलं की साठ रुपयांची आणतात होय!" अण्णा म्हणाले, "ती जुडी चांगली होती."

कानात घालायचं यंत्र घ्यायला ते चटकन तयार झाले नाहीत. "लोक म्हातारा म्हणतील." एकाहत्तर वर्षांच्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार, पण हे मी बोललो नाही. दोन्ही कानांची यंत्रं घेतली. चौसष्ट हजारांतले बरेचसे तिकडे गेले. अकरा हजारांचा डॅक ठेवून घेतला, अठराशेचा शाळेला दिला. आता प्रार्थना त्याच्यावरच वाजते, प्रार्थनेत मच्छर कुणाला ऐकू येत नाही. मावसभावाचा डबा पुण्याला परत गेला. तो अजून त्याला भारीच मानतो, आणि दिसायला भारी आहेच.

गंमत अशी, की कानातल्या यंत्राचं कामही थेट सीडीसारखंच. आवाज आत घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, हवे ते सूर वाढवायचे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा. फक्त हे बोलण्यासाठी बनवलेलं असतं. अण्णांनी पहिल्या दिवशी त्यातून तंबोरा ऐकला आणि तोंड वाईट केलं. "पत्रा वाजायलाय." मग ताईंनी गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली. ती बरी आहे म्हणतात. पण सीडी ऐकताना अजूनही ते कधी यंत्र काढून ठेवतात आणि ॲम्प्लिफायरचं उंच सुरांचं बटण पुढं सरकवतात. आम्हाला ते जरा टोचतं. पण ऐकणारे ते आहेत. नातवंडांशी बोलताना मात्र यंत्र कानात. त्यामुळं घरात आता कुणी ओरडून बोलत नाही, आणि पोरांची गुपितं सुरक्षित राहिलेली नाहीत.

गुरुवारच्या भजनाला त्या मच्छरवाल्या मुलीची आजी येते, म्हणून तीही येते. भजनाच्या आधी अण्णा तंबोरा लावतात. तारेखाली सुताचा दोरा मागं-पुढं सरकवून जवारी खुलवायची असते, आणि दोरा नेमका कुठं थांबवायचा ते कानानंच ठरतं. चाळीस वर्षं ते एकटेच ठरवत आले. आता तिला समोर बसवतात. अण्णा तार छेडतात, दोरा केसभर सरकवतात, तिच्याकडं बघतात. ती डोळे मिटून बसलेली असते. "नाही अण्णा... नाही... अजून थोडं... हां, आता!"